सोयाबीननंतरचा गहू : नांगरून पेरावा की न नांगरता?

गोदाकाठ

नमस्कार. गेल्या रब्बीपासून हा प्रश्न मनात घोळतो आहे, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो. आमचे रान गोदावरीच्या कालव्याखाली आहे. जमीन मध्यम ते भारी काळी असून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू हा क्रम आठ वर्षे चालू आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघते. त्यानंतर नांगरट, ढेकळे फोडण्यासाठी रोटाव्हेटरचे दोन फेरे, शेणखत पसरून कुळवाची एक पाळी, सारे (पाण्यासाठीचे लांब वाफे) पाडणे, रान ओलवणे, वाफशाची (माती पेरणीजोगी सुकण्याची) वाट पाहणे आणि मग पेरणी, असा आमचा शिरस्ता आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस झाला आणि दहा-बारा दिवस ट्रॅक्टर रानात घालता आला नाही. नांगरट झाली तेव्हा विटेएवढी ढेकळे निघाली आणि ती उन्हात अशी कडक झाली की रोटाव्हेटरचा तिसरा फेरा मारावा लागला. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची पेरणी महिनाअखेरीस झाली. पुढे दाणा चिकात असतानाच ऊन तापले आणि गहू बारीक राहिला. बांधापलीकडच्या शेतकऱ्यांनी मात्र सोयाबीन काढल्यावर रान नांगरलेच नव्हते. त्यांनी भाड्याने शून्य मशागतीचे पेरणी यंत्र आणून ८ नोव्हेंबरला थेट धसकटांत गहू पेरला. पेरणीनंतर त्यांचे रान इतके गबाळे दिसत होते की गावात त्याला आळशाची शेती म्हटले गेले, पण खळ्यावर त्यांचा दाणा आमच्यापेक्षा ठसठशीत होता.

त्यांचा गहू चांगला आला तो न नांगरल्यामुळे, की केवळ तीन आठवडे आधी पेरल्यामुळे? आमच्यासारख्या भारी जमिनीत हे दरवर्षी साधेल का? ज्यांनी दोन्ही पद्धती स्वतः करून पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

काळी कसदार

गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नातच उत्तर दडले आहे. मी सहा वर्षे एकाच गटात अर्धे रान नांगरून आणि अर्धे न नांगरता गहू घेतो आहे. ज्या वर्षी दोन्ही तुकडे एकाच आठवड्यात पेरले गेले, त्या वर्षी उत्पादनात सांगण्यासारखा फरक पडला नाही. ज्या वर्षी नांगरटीमुळे एका तुकड्याची पेरणी मागे पडली, त्या वर्षी तो तुकडा हमखास मागे राहिला. त्यामुळे या पद्धतीचा पहिला लाभ कोणता असे कुणी विचारले तर मी वेळ हेच उत्तर देतो. डिझेल वाचते, ट्रॅक्टरचे भाडे वाचते, हे खरेच आहे. पण थंडीचे जे दोन-तीन आठवडे गव्हाला जास्त मिळतात, त्यांची किंमत भाड्याच्या पावतीवर दिसत नाही.

दुसरा लाभ ओलाव्याचा आहे. सोयाबीन निघते तेव्हा काळ्या रानात वितीखाली चांगली ओल असते. आपण नांगरतो तेव्हा ती ओली माती उलथून उन्हावर टाकतो, आठ दिवस वाळवतो आणि मग तीच ओल परत आणण्यासाठी कालव्याच्या पाण्याने रान ओलवतो. हा उलटा व्यवहार मी वीस वर्षे केला आणि त्यात काही खटकतही नव्हते, कारण सगळेच तसे करत होते.

आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे आहे. केवळ नांगर सोडणे म्हणजे संवर्धित मशागत नव्हे. जमीन कमीत कमी हलवणे, तिच्यावर पिकाच्या अवशेषांचे आच्छादन ठेवणे आणि पिकांची फेरपालट करणे ही तिन्ही अंगे एकत्र आली तरच ती पद्धत उभी राहते. पहिल्या वर्षी मी सोयाबीनचे सगळे भुसकट विकले, राहिलेला पालापाचोळा पेटवून रान स्वच्छ केले आणि त्या उघड्या, टणक जमिनीत गहू पेरला. पहिल्या पाण्यानंतर वर खपली धरली, भेगा पडल्या आणि लव्हाळ्याने गव्हाच्या आधी डोके वर काढले. नांगरटीचा फायदा गेला आणि आच्छादनाचा मिळाला नाही, अशी ती स्थिती होती. माझ्या मते न नांगरलेले उघडे रान हे नांगरलेल्या रानापेक्षाही वाईट असते.

वखर

प्रश्न आणि प्रतिसाद दोन्ही वाचले. मी नांगरटीच्या बाजूने लिहितो आहे, कारण अशा चर्चेत नांगराला गुन्हेगार ठरवण्याची घाई होते.

आमच्या रानात हरळी आणि लव्हाळा आहे. हरळीचे कांडे आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असतात. मे महिन्यात खोल नांगरट करून त्या गाठी उन्हात तापवणे हा बिनविषारी उपाय आहे आणि तो वाडवडिलांनी विचार करून लावला आहे. नांगर सोडला की पेरणीपूर्वी तणनाशक आलेच. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने निर्बंध घातले, हेही विसरू नये. दुसरे असे की शेणखत जमिनीत मिसळायचे कसे? ते वर पसरून ठेवले तर त्यातला नत्र हवेत जातो. तिसरे, आमच्याकडे सहा जनावरे आहेत. गव्हाचा भुसा आणि सोयाबीनचे कुटार ही त्यांची उन्हाळ्याची बेगमी आहे. आच्छादनासाठी काड रानात सोडा असे सांगणाऱ्याने आधी दावणीकडे पाहावे. चौथे, न नांगरलेल्या रानात उंदरांची बिळे मोडत नाहीत आणि ओंबी भरू लागली की ते नुकसान करतात. हे माझ्या डोळ्यांसमोर झालेले आहे.

नांगरटीचा खर्च वाढला आहे हे मान्य आहे, पण त्यात निम्मा दोष रोटाव्हेटरचा आहे. आमच्या आजोबांच्या कुळवाने माती भुसभुशीत होत असे, तिचे पीठ होत नसे.

मृद्गंध

वखर यांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. रोटाव्हेटरची पाती वरची दहा-बारा सेंटीमीटर माती बारीक करतात आणि त्याखालची ओली माती घासून, दाबून गुळगुळीत करतात. दरवर्षी त्याच खोलीवर हे घडले की तिथे कठीण थर तयार होतो. गोदाकाठ, तुमच्या रानात गव्हाचे एक ठोंब कुदळीने न ओढता, बाजूने खणून मुळांसकट काढा. मुळे सरळ खाली न जाता एका विशिष्ट खोलीवर काटकोनात वळून आडवी पसरलेली दिसली, तर तो थर तिथे आहे असे समजा. असा थर असताना एकदम शून्य मशागतीवर येऊ नये. एका उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलर किंवा खोल नांगराने तो फोडून घ्यावा आणि मग नांगर थांबवावा.

आपल्या काळ्या मातीची एक विशेष बाब इथे सांगितली पाहिजे. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला ज्या हातभर खोल भेगा पडतात, त्यांत वरची भुसभुशीत माती पडते आणि पाऊस झाला की खालची माती फुगून वर ढकलली जाते. अशा तऱ्हेने भारी काळी जमीन काही अंशी स्वतःच स्वतःला नांगरत असते. उत्तरेच्या पोयटा जमिनींना हा गुण नाही. म्हणून न नांगरल्यास जमीन घट्ट होईल ही भीती आपल्याकडे वाटते तितकी खरी ठरत नाही. उलट ओलावा जास्त असताना भारी ट्रॅक्टर रानात घातल्याने ती जास्त घट्ट होते.

भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने सोयाबीन-गहू याच फेरपालटीवर काळ्या जमिनीत दीर्घकाळ प्रयोग केले आहेत. त्यांत अवशेष राखून न नांगरता घेतलेल्या गव्हाचे उत्पादन नांगरलेल्याच्या जवळपास राहिले आणि वरच्या थरातील सेंद्रिय कर्ब व मातीच्या कणांची बांधणी सुधारली. जगभरचे चित्र थोडे सावध करणारे आहे. २०१५ साली ६१० प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात नांगरट बंद केल्याने सर्व पिकांचे उत्पादन सरासरीने साधारण पावणेसहा टक्क्यांनी घटलेले आढळले. अवशेष आणि फेरपालट यांची जोड मिळाली तेथे ही घट बरीच कमी झाली आणि कोरडवाहू, कमी पावसाच्या प्रदेशांत उत्पादन नांगरलेल्यापेक्षा वाढलेही. काळी कसदार यांनी पहिल्या वर्षी जे भोगले, तेच त्या अभ्यासात आकड्यांनी दिसते.

कर्बाबद्दल थोडे. न नांगरल्याने कर्ब वाढतो हे विधान मुख्यतः वरच्या थरापुरते खरे आहे. खोलवरचे नमुने घेतले की फरक बराच कमी होतो, कारण नांगर तोच कर्ब खाली गाडत असतो. तरीही वरच्या वीतभर मातीत कर्ब असणे पाणी मुरण्यासाठी आणि खपली न धरण्यासाठी उपयोगाचे आहे.

बांधी

मी भंडारा जिल्ह्यातून लिहितो. न नांगरता पेरणे ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे असा सूर जाणवला, म्हणून एवढेच नोंदवतो. आमच्याकडे धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात, बांधीत ओल असताना लाखोळी हे कडधान्य फेकून पेरतात. धान निघेपर्यंत लाखोळी उगवलेली असते आणि उरलेल्या ओलीवर ती येते. याला उतेरा म्हणतात. कोकणात भात कापल्यावर अंगच्या ओलीवर वाल घेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्याच कोकणातल्या रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर न नांगरता भात घेण्याचे सगुणा तंत्र उभे केले. त्यात आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. गहू हे आमचे मुख्य पीक नाही, पण ओल वाया जाऊ द्यायची नाही हा विचार आमच्या आजीलाही ठाऊक होता.

पंचनद

मी मूळचा जळगावचा, नोकरीनिमित्त बारा वर्षे लुधियान्यात आहे. शून्य मशागतीची चर्चा निघाली की पंजाब-हरियाणाचे दाखले दिले जातात, म्हणून तिथली पार्श्वभूमी सांगतो.

तिथे गव्हाआधी भात असतो आणि भातासाठी चिखलणी केलेली असते. भात निघतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. त्या घट्ट, ओल्या रानात नांगरट करून गहू पेरायचा तर पाच-सहा फेरे लागत आणि उशीर होई. त्यातच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्ली दंडा हे गव्हासारखेच दिसणारे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाले. हरियाणातल्या शेतकऱ्यांनी न नांगरता पेरायला सुरुवात केली त्यामागे हे तण फार मोठे कारण होते: माती हलवली नाही की त्याचे बी उगवायला वर येत नाही, आणि लवकर पेरलेला गहू त्याच्या आधी रान झाकतो. वखर, न नांगरल्याने तण वाढतेच असे नाही. बियांपासून येणारे हंगामी तण बहुधा कमी होते, तर गाठी आणि कांड्यांपासून येणारे बहुवर्षायू तण वाढते. तुमची हरळी दुसऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे तुमची तक्रार योग्यच आहे.

भाताचा पेंढा जाळण्याचा प्रश्न आला तेव्हा हॅपी सीडर हे यंत्र पुढे आले. ते पेंढा कापून, उचलून, गहू पेरून तोच पेंढा पेरलेल्या ओळींवर टाकते. तुम्हाला मात्र त्याची गरज पडेल असे वाटत नाही. सोयाबीनची पाने कापणीआधीच गळून रानात पडतात आणि काड फारसे नसते, त्यामुळे साधे शून्य मशागतीचे पेरणी यंत्र पुरते. पंजाबपेक्षा जबलपूरकडे पाहणे तुमच्या जास्त उपयोगाचे आहे. बोरलॉग इन्स्टिट्यूटचे तिथे प्रक्षेत्र आहे आणि माती तुमच्यासारखी काळी आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मृद्गंध यांनी सांगितले तसे आज सकाळी खणून पाहिले. गहू आता रानात नाही, म्हणून बांधालगत उभ्या असलेल्या तुरीशेजारी खणले. साधारण चार बोटांखाली कुदळ अडली. माती तिथे चपटी, पापुद्र्यांची निघाली, आणि तुरीची बारीक मुळे त्या पापुद्र्यांवर केसांसारखी चिकटून आडवी पसरली होती. सोटमूळ तेवढे वाकडे होऊन खाली गेले होते. मग बांधापलीकडे, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या रानात खणले. तिथे कुजलेल्या काडाखाली माती काळी, ओलसर आणि भगराळ होती, आणि एका खोऱ्यात गांडुळांच्या तीन बिळांची तोंडे दिसली. आमच्या रानात मला एकही दिसले नव्हते. आठ वर्षे आम्ही या मातीला काय केले, याचे मला खरोखर वाईट वाटले.

आता काळी कसदार यांना विचारतो: ओल्या काळ्या रानात यंत्राने पाडलेली चीर बुजते का? सारे नसताना पाणी कसे देता? आणि खताचे काय?

काळी कसदार

चीर बुजणे हाच या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग आहे आणि माझे दुसरे वर्ष त्यातच गेले. भाड्याच्या यंत्राची पाळी हुकेल या भीतीने मी वाफसा येण्याआधीच पेरणी केली. फाळाने पाडलेल्या चिरेच्या दोन्ही कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्या, चीर उघडीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी चिमण्या ओळीने दाणे टिपत होत्या. रानातली माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तरच यंत्र रानात घालावे. तो न फुटता चपटा झाला तर दोन दिवस थांबावे, मग यंत्रवाला कितीही घाई करो. फाळ उलट्या टी आकाराचे असावेत, कारण ते वर अरुंद चीर पाडतात आणि खाली बियाला जागा करतात. बी पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

पाण्याचे दोन मार्ग आहेत. तुषार संच असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर पेरणीनंतर लगेच सारा यंत्राने फक्त सारे पाडून घ्यावेत. तेवढी माती हलली तरी बिघडत नाही. न नांगरलेल्या रानावर पाणी लवकर पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या पाळीला पाणी कमी लागते. खरिपात सोयाबीन रुंद वरंबा सरी यंत्राने पेरले असेल, तर तेच वरंबे न मोडता त्यांवर गहू पेरता येतो आणि सरीतून पाणी देता येते. मी आता याच पद्धतीवर आलो आहे.

खत मात्र जपून द्यावे. काडाचा कर्ब जास्त आणि नत्र कमी असतो; गव्हाच्या काडात तर नत्राच्या सुमारे ऐंशी पट कर्ब असतो, आणि ते कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी उचलतात. सोयाबीनचा पाला याबाबतीत पुष्कळ बरा आहे, तरीही पहिली दोन-तीन वर्षे गहू सुरुवातीला पिवळसर दिसू शकतो. पेरणीचे खत यंत्राच्या खताच्या पेटीतूनच द्यावे. युरिया आच्छादनावर फेकून पाण्याची वाट पाहत बसू नये, त्यातला नत्र उडून जातो. दुसरा हप्ता एकविसाव्या दिवशीच्या पाण्याला जोडूनच द्यावा.

वखर यांच्या दावणीच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी भुसकटाचे दोन वाटे करतो, एक जनावरांना आणि एक रानाला. शेणखत आता खरिपाआधी देतो आणि चांगले कुजलेलेच देतो.

वखर

बहुवर्षायू आणि हंगामी तणांतला भेद पंचनद यांनी दाखवला, तो मला पटला. माझ्याकडे हरळी नसलेला पाऊण एकराचा एक तुकडा आहे, तिथे मी या वर्षी न नांगरता पेरीन. हरळीच्या रानात मात्र उन्हाळी नांगरट सोडणार नाही, आणि गोदाकाठ यांनाही तेच सांगेन की आधी तणांची पाहणी करा. उंदरांसाठी गावाने मिळून, गहू पोटरीत येण्याआधी बिळे बुजवण्याची मोहीम घ्यावी. एकट्याने करून उपयोग होत नाही.

गोदाकाठ

घरी वडिलांशी बोललो. त्यांना रान विस्कटलेले बघवत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांच्या मताचा मान ठेवून सगळे रान एकदम बदलणार नाही. तीनपैकी एका एकरातला कठीण थर पुढच्या मे महिन्यात, जमीन तापल्यावर फोडून घेऊ. तिथे खरिपात सोयाबीन वरंब्यावर पेरू आणि त्याच वरंब्यांवर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात न नांगरता फुले समाधान पेरू. उरलेल्या दोन एकरांत नांगरट राहील, पण रोटाव्हेटरऐवजी कुळव चालेल. वाण, बियाणे आणि खताची मात्रा दोन्हीकडे एकच ठेवतो, म्हणजे फरक पडलाच तर तो मशागतीचा आहे हे कळेल. पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी दोन्ही तुकड्यांतली पाच-पाच रोपे खणून मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी फुटणारी मुळे) कशी फुटली आहेत त्याची छायाचित्रे इथे टाकीन. भुसकटाचा निम्मा वाटा रानात सोडायला वडील तयार झाले आहेत.